कमळ, अर्धं कमळ आणि मोठं कमळ

बेळगाव,
फाल्गुन वद्य चतुर्थी, शके १८५५

रा. रा. रवळूअण्णा यांसी,

बेळगावाहून सुबरावचा वाकून नमस्कार. इकडं मी ठीक आहे. तिकडं तुम्ही ठीक असाल असं धरून चालतो, कारण निपाणीहून येणाऱ्या कुणाच्या तोंडून तुमचं वाईट काही कानी आलेलं नाही. तुमचा उजवा गुडघा या थंडीत कसा राहिला? वखारीतल्या तंबाखूच्या धुळीनं वहिनींना शिंका येत होत्या, त्या थांबल्या का? तुमची धाकटी बहीण गुणाबाई गावी खुशाल आहे. निदान पौषात मी चार दिवस घरी गेलो तेव्हा होती, आणि मी परत निघाल्यावर तिची तब्येत बिघडण्याचं काही कारण नाही.

मागच्या खेपेला तुम्ही विचारलं होतं, की दाजी, बावीस वर्षं मास्तरकी केल्यावर आता या वयात शिकायचं काय राहिलं? तेव्हा मी घाईत होतो. आता परीक्षा संपली आहे आणि हाताशी वेळ आहे, म्हणून सविस्तर लिहितो. बोर्डाचा हुकूम असा आला, की ट्रेनिंग न झालेल्या मास्तरांपैकी पंचेचाळिसाच्या आतल्यांनी वर्षभर बेळगावला जाऊन ट्रेनिंग घ्यावं. जे पास होणार नाहीत त्यांनी शाळा सोडावी. मला तेव्हा चव्वेचाळीस वर्षं तीन महिने झाले होते. (तेसुद्धा शाळेच्या दाखल्यावर. वडिलांनी माझी जन्मतारीख हेडमास्तरांच्या तोंडाकडं बघून अंदाजानं सांगितली होती. आणखी एक वर्ष आधीची सांगते तर मी आज घरी असतो.) तर जूनमध्ये वळकटी घेऊन इथं आलो. माझ्याबरोबर शिकायला एकोणचाळीस जण आहेत, सगळे अठरा ते वीस वयाचे. ते मला मामा म्हणतात आणि पाणी भरताना माझी घागर आधी भरू देतात. त्यांच्याबद्दल तक्रार नाही.

राहण्याची सोय हिंडलग्याच्या तुरुंगाच्या वाटेवर आहे. यावरून एक भानगड झाली ती तुम्हाला कळली असेलच. आमच्या गावचा भावकू बाजाराला आलता, त्यानं मला डोक्यावर ट्रंक घेऊन हिंडलग्याच्या दिशेनं चालताना पाहिलं आणि गावी जाऊन सांगितलं की सुबराव मास्तरला तुरुंगात नेलं. दिवस सत्याग्रहाचे आहेत, त्यामुळं या बातमीनं गावात माझा मान फार वाढला. तालमीत माझ्या नावानं नारळ फुटला. दिवाळीच्या सुट्टीत मी घरी गेलो तर वेशीवर माणसं जमली होती. मी नुसता शिकायला गेलोय म्हटल्यावर ती एकेक करून परत गेली. गुणाबाईनं मात्र ओवाळलं.

आता शिक्षणाकडं वळतो. आमचे भाषेचे मास्तर यमनाप्पा. वय सत्तावीस, चष्मा, कोट नेहमी बंद गळ्याचा. घरची भाषा कानडी. मराठी त्यांनी पुस्तकातून मिळवली, त्यामुळं या अख्ख्या आवारात शुद्ध मराठी बोलणारे ते एकटेच आहेत. मी मराठी आईच्या मांडीवर शिकलो, त्याचा इथं काही उपयोग नाही. पाठ चालू असताना माझ्या तोंडून 'न्हाय' किंवा 'व्हय' निघालं की यमनाप्पा मास्तर वहीत पेन्सिलीनं बारीक रेघ मारतात. पहिल्या पाठाला नऊ रेघा झाल्या. त्यांनी त्या मला दाखवल्या, रागावले नाहीत. उलट 'पुढच्या पाठाला सातवर या' असं म्हणाले. माणूस सरळ आहे.

ट्रेनिंगमध्ये मुख्य वस्तू म्हणजे टाचण. पाठ घेण्याआधी पाठात काय घडणार ते ज्या कागदावर लिहितात त्याला टाचण म्हणतात. डाव्या बाजूला मी काय विचारणार आणि उजव्या बाजूला मुलं काय उत्तर देणार. म्हणजे मुलांचं उत्तरही आदल्या दिवशी मीच ठरवायचं. (गावच्या शाळेत बावीस वर्षांत मी ठरवलेलं उत्तर एकाही पोरानं दिलेलं आठवत नाही.) शिवाय पाठाचा विषय मास्तरनं आपल्या तोंडानं सांगायचा नाही, आडून आडून प्रश्न विचारून तो मुलांच्या तोंडून काढायचा. वाचन शिकवताना अ आ इ ई नाही, घोकणं नाही, धुळीत बोट नाही. आधी चित्र, मग अख्खा शब्द, मग त्यातली अक्षरं. आणि पहिला शब्द 'कमळ', कारण त्यात काना नाही, मात्रा नाही, जोडाक्षर नाही. या पद्धतीत चूक आहे असं मी म्हणत नाही. मला ती पटलीही होती.

सरावासाठी जवळच एक शाळा आहे, तिची पहिली आणि दुसरी इयत्ता आमच्या स्वाधीन असते, मला दुसरी मिळाली. सव्वीस मुलं, त्यात पाच मुली. कुणी टांगेवाल्याचं, कुणी भाजीवालीचं, दोनचार शहापुराकडनं चालत येणारी कोष्ट्यांची. भाद्रपदात माझा पहिला पाठ होता. मी टाचण पाठ केलं, टोपी सारखी केली आणि वर्गात शिरून पहिला प्रश्न विचारायला तोंड उघडलं, तोच पहिल्या रांगेतून आवाज आला, 'कमळ!' आडून आडून विचारायचे सात प्रश्न माझ्याजवळ शिल्लक होते. तेव्हा शामू नावाचा एक टांगेवाल्याचा पोरगा उठला आणि मला धीर देऊन म्हणाला, 'मास्तर, आदी तळ्याचं इचारा. मग चित्र दावा. मग आमी कमळ म्हंतो.' मी तळ्याचं विचारलं. त्यांनी मला पुढच्या सगळ्या पायऱ्या बिनचूक चढवून नेल्या. मधे मी अडलो तर कुणीतरी हळूच 'आता फळा पुसा' म्हणायचं. घंटा झाली तेव्हा सगळा वर्ग कमळ वाचत होता, आणि नऊ रेघा सोडल्या तर पाठ उत्तम ठरला.

मला मात्र ही मुलं फार हुशार वाटली म्हणून मी मधल्या सुट्टीत पुन्हा वर्गात गेलो आणि सहज फळ्यावर 'गवत' लिहिलं. मुलं म्हणाली, 'कमळ.' मी 'बदक' लिहिलं. 'कमळ.' मी 'घर' लिहिलं, तेव्हा जरा विचार करून शामू म्हणाला, 'अर्धं कमळ.' शेवटी 'दगडफूल' लिहिलं, तर सगळ्यांनी आनंदानं सांगितलं, 'मोठं कमळ!'

चौकशी केली तेव्हा उलगडा झाला. आम्ही चाळीस जण. प्रत्येकाची परीक्षा पहिल्या पाठावर होते, म्हणून प्रत्येकजण पहिलाच पाठ घेतो. वाचनाचा पहिला पाठ म्हणजे कमळ. मागच्या वर्षीचे चाळीस गेले, आता आम्ही आलो, पुढच्या वर्षी आणखी चाळीस येतील. दुसरा पाठ कुणाचाच नसतो. ही मुलं पहिलीपासून रोज कमळच शिकत होती. वर्गाचा कायमचा मास्तर हजेरी मांडायला आणि आम्हाला खुर्ची पुसून द्यायला तेवढा असतो.

मी हे यमनाप्पा मास्तरांना सांगितलं. त्यांना खरं वाटलं नाही. ते स्वतः वर्गात गेले आणि सुंदर अक्षरात 'भडक' असं लिहिलं. उत्तर ऐकून त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि फळ्याकडं पाहत राहिले. बाहेर आल्यावर एवढंच म्हणाले, 'सुबराव, अभ्यासक्रम मी ठरवलेला नाही.' थोड्या वेळानं म्हणाले, 'आणि घोकंपट्टीला इथं परवानगी नाही, हे आपणांस ठाऊकच आहे.' मी म्हटलं, ठाऊक आहे. मग ते म्हणाले, 'दुपारी एक ते दोन मी जेवायला घरी जातो. मागच्या पडवीत काय चालतं ते मला तिथून दिसत नाही.' आणि ते गेले. अण्णा, हा माणूस रोज डबा घेऊन शाळेत यायचा. त्या दिवसापासून घरी जेवायला जाऊ लागला, जाऊनयेऊन दोन मैल चालत.

मग मी दुपारी मागच्या पडवीत बसू लागलो. आधी लांबून येणारी आठदहा मुलं यायची, पंधरा दिवसांत सव्वीसच्या सव्वीस राहू लागली. पडवीत वाळू पसरली आणि बोटानं अक्षरं काढायला लावली, जशी मी आजवर लावत आलो. अडचण एकच होती. घोकायला बंदी होती, आणि घोकल्यावाचून बाराखडी कशी शिकवतात ते मला अजून कुणी सांगितलेलं नाही. तेव्हा आम्ही ती कुजबुजत म्हणायचो. सव्वीस पोरं खाली माना घालून 'स सा सि सी' कुजबुजायला लागली तेव्हा शाळेचा शिपाई भरमा हातात काठी घेऊन पडवीत शिरला आणि आम्हाला पाय वर घ्यायला सांगून सगळे कोपरे धुंडाळू लागला. त्याला वाटलं नाग निघाला. खरं कळल्यावर तो हेडमास्तरांकडं सांगायला निघाला होता. मी त्याला थांबवलं आणि वाळूत 'भ' काढून दाखवला, म्हटलं, ह्यो तुझा. त्यानं तो चारी बाजूंनी फिरून पाहिला. दुसऱ्या दिवसापासून तो दाराशी राखणीला उभा राहू लागला आणि तिथूनच आमच्यात कुजबुजू लागला. (त्याची कुजबूज रस्त्यापर्यंत ऐकू जायची. त्याला नुसते ओठ हलवायला सांगावं लागलं.)

माघ उजाडेपर्यंत मुलं वाचू लागली, आणि माझ्या मागं नवं संकट लागलं. ज्याला नुकतं वाचता यायला लागलंय तो दिसेल ते वाचतो. खडूच्या खोक्यावरचं, भिंतीवरच्या दिनदर्शिकेवरचं, कुणी वाण्याच्या कागदात चिवडा बांधून आणला तर त्या कागदावरचं. आमच्या चाळिसातला मष्णू नावाचा फार भित्रा पोरगा पाठाला उभा राहिला तर पुढच्या रांगेतल्या दोघांनी टेबलावरचं त्याचं टाचण वाचायला घेतलं. 'शिक्षक चित्र दाखवील. मुलांना कुतूहल वाटेल. मुले आनंदाने हसतील.' हे वाचून झाल्यावर मुलं आनंदानं हसली. मष्णू बाहेर जाऊन रडला. मी त्याची समजूत घातली, पण दोष माझा आहे हे काही त्याला सांगितलं नाही.

आता परीक्षेचं सांगतो. शाळा तपासणारे दिपुटी साहेब स्वतः पाठ बघायला येणार होते. कुणी कोणत्या विषयाचा पाठ घ्यायचा याच्या चिठ्ठ्या टाकल्या. माझ्या चिठ्ठीत निघालं काय, तर वाचनाचा पहिला पाठ, कमळ. मी आदल्या दुपारी मुलांना पडवीत बसवलं आणि अशी विनंती केली, जी मी आयुष्यात कधी कुणा पोराला केली नव्हती. म्हटलं, बाळांनो, उद्या अर्धा तास तुम्हाला वाचायला येत नाही. शामू म्हणाला, 'का म्हून?' मी म्हटलं, मास्तर पास व्हायला पायजे. त्यांनी आपसात बोलून होकार दिला.

साहेब आले. उंच, गोरे, मिशी कातरलेली, काखेत शेऱ्यांची वही. ते मागच्या बाकावर बसले, ज्या बाकावर मालू नावाची कोष्ट्याची आठ वर्षांची पोर बसते. यमनाप्पा मास्तर दाराशी उभे. मी सुरुवात केली आणि अण्णा, मुलांनी काय अडाणीपण केलं! शामूनं तर 'तळं म्हंजे काय?' असं विचारलं. मी चित्र दाखवलं तर 'अगाई गं' म्हणून सगळी थक्क झाली. मी फळ्यावर 'कमळ' लिहिलं तेव्हा दोघांनी आधी चुकवून मग बरोबर सांगितलं. अशा बेतानं चाललं असताना मागून बारीक, स्वच्छ आवाज आला.

'शि... क्ष... क. शिक्षक.'

मी तिकडं पाहिलं. मालू साहेबांच्या कोपराखालून त्यांच्या वहीत बघत होती. (साहेब इंग्रजीत किंवा मोडीत लिहिते तर पुढचं काहीच घडतं ना. पण ते बाळबोध लिहितात, आणि अक्षर टपोरं.) साहेबांचं लक्ष नव्हतं, ते लिहीतच होते. मालू पुढच्या शब्दावर अडली. तिनं बोट लावलं, ओठ हलवले, आणि मग रीतीप्रमाणं हात वर करून मलाच विचारलं, 'मास्तर, ह्ये कसलं जोडाक्षर हाय ओ? मला लागत न्हाय.'

आता तुम्ही म्हणाल, गप्प बसायचं. मलाही तसंच वाटतं. पण बावीस वर्षांत पोरानं जोडाक्षर विचारलं आणि मी ते सांगितलं नाही असं झालेलं नाही, आणि त्या क्षणी मला दुसरं काही सुचलं नाही. मी म्हटलं, 'कसं दिसतंय, सांग.' ती म्हणाली, 'व हाय, त्येच्या पायात आकडी. आन् मग द च्या पोटात ध.' मी कमळ पुसलं आणि फळ्यावर मोठ्या अक्षरात तो शब्द लिहिला. मागं वळलो तर सव्वीस पोरांनी, अर्धा तास संपला असं समजून, खणखणीत आवाजात वाचला, 'वृद्ध!' आणि मालूनं वहीतलं वाक्य पुरं केलं, 'शिक्षक वृद्ध आहे. भाषा ग्रा... ग्राम्य.' तिला तो म्य सुद्धा आला. मी तिला शाबास म्हटलं.

साहेबांनी वही मिटली. मग त्यांनी कोटाच्या खिशातून घडी घातलेलं वर्तमानपत्र काढलं आणि मालूपुढं धरलं. तिनं चार ओळी वाचल्या. त्यांनी ते पुढं दिलं. ते वर्तमानपत्र रांगेरांगेनं सगळ्या वर्गातून फिरलं. कुणी भरभर वाचलं, कुणी अडखळत, शामूनं एक ओळ मनानंच घातली, पण वाचलं सगळ्यांनी. शेवटी ते दाराशी भरमाकडं गेलं. त्यानं त्यातले सगळे 'भ' दाखवले.

'ही कोणती पद्धत?' साहेबांनी विचारलं. मी तोंड उघडायच्या आत यमनाप्पा मास्तर पुढं झाले आणि म्हणाले, 'या वर्गाची जबाबदारी माझी आहे, साहेब.' बोलले घाईत, पण व्याकरण शुद्ध होतं. मी म्हटलं, 'न्हाय साहेब, पद्धत माजी हाय. मास्तर जेवायला घरी जात्यात.' यमनाप्पा मास्तरांच्या हातात पेन्सिल होती. त्यांनी रेघ मारली नाही.

साहेबांनी गुण तिथंच मांडले. प्रस्तावना, शून्य. टाचणाप्रमाणं पाठ, शून्य. शुद्ध भाषा, दोन. फळ्यावरचं अक्षर, दहापैकी दहा. मुलांचा सहभाग, दहापैकी दहा. असं करत करत पास व्हायला लागतात तेवढे बरोबर भरले. बेरीज त्यांनी दोनदा केली, आणि दुसऱ्यांदा करताना 'मुलांची शिस्त' या सदरातला आकडा खोडून मोठा केला, असं मला वाटतं. मालूनं वाचून दाखवलं असतं, पण आता त्यांनी वही छातीशी धरली होती. नंतर त्यांनी मला व्हरांड्यात बोलावून आणखी एकदोन गोष्टी विचारल्या. त्यात लिहिण्यासारखं काही नाही.

तर असं हे वर्ष गेलं. बेळगाव मला मानवलेलं नाही. इथल्या आमटीत डाळ शोधावी लागते, ढेकूण जुने आहेत, आणि चाळीस जणांत एकटा मीच घोरतो असं बाकीच्यांचं म्हणणं आहे. बावीस वर्षांची माझी शाळा, तिच्यापुढचं फणसाचं झाड आणि घरचा तांदूळ डोळ्यांपुढून हलत नाही. वहिनींना माझा नमस्कार पोचवा, पोरांना पाठीवर हात फिरवल्याचं सांगा. गुडघ्याला निर्गुडीचा पाला बांधत जा. आता दिवा पुरे म्हणून बाकीचे ओरडत आहेत.

तुमचा,
सुबराव

ता. क. व्हरांड्यात साहेबांनी विचारलेलं लिहायचं राहिलं. जूनमध्ये नवे चाळीस येतील. त्या वर्गाला दुसरा पाठ घेणारा एक कायमचा मास्तर हवा, आणि खाली पहिलीत नवी तीस मुलं आत्ताच कमळ म्हणू लागली आहेत. राहाल का, असं त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. निदान तीन वर्षं तरी. हे अजून गुणाबाईला ठाऊक नाही. ती मी गुढीपाडव्याला कायमचा घरी येणार असं धरून बसली आहे आणि तिनं परसात माझ्यासाठी म्हणून दोडक्याचा वेल चढवलाय. तरी तुम्ही वखारीतून दोन दिवस सवड काढून गावी जावं आणि तिला सांगावं. गुडघा दुखत असेल तर बेळगावाहून खानापुरापर्यंत आगगाडी आहे, पुढं भावकूची बैलगाडी मी सांगून ठेवली आहे.

आणखी एक. तुम्ही म्हणाल, हे पत्र थेट तिलाच का लिहिलं नाही. तिला वाचता येत नाही, अण्णा. गावात बायकांना आलेलं पत्र मीच वाचून द्यायचो. आता माझ्या जागी आलेला मास्तर वाचून दाखवील, पण तो परका आहे आणि फार मोठ्यानं वाचतो. गावातली तीनशे पोरं मी वाचती केली आणि बायकोला का नाही, हे ती विचारील. वेळ मिळाला नाही म्हणून सांगा. ती हसेल. हसली की पुढं काही बोलू नका, तिचं गाठोडं बांधायला लागा आणि तिला इकडं घेऊन या. खोली मी बघून ठेवली आहे.